डब्यावरचं नाव

माझं काम असं आहे, की ते करताना गावाकडं पाठ करावी लागते.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या बाजूला. सेनगाव-हिंगोलीच्या जीपा जिथं थांबतात त्या फाट्यावर आमचं पत्र्याचं शेड आहे आणि त्यात मिरची कुटायचं कांडप मशीन. मशीन बसवणाऱ्यानं ते भिंतीकडं तोंड करून बसवलं, कारण विजेचा बोर्ड त्याच भिंतीवर होता. तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही की चालवणाऱ्या बाईचं तोंडही जन्मभर भिंतीकडंच राहील. लोखंडी मुसळं धाडधाड खाली येतात, मी उखळातली मिरची खालीवर करते, चाळते, पुन्हा टाकते. पाठीमागं बायका नाकाला पदर लावून बसलेल्या असतात. कोण आलं, कोण गेलं, कोणती शिंक कुणाची, हे मला आवाजावरून कळतं. डबे मात्र मी नजरेनं ओळखते. कुणाचा पोचा, कुणाची कडी, कुणाचं दुसऱ्याच डब्याचं बसवलेलं झाकण.

मिरचीचं काम इमानाचं आहे. बाई उन्हाळ्याच्या तोंडाला वर्षाची मिरची घेते, घरी बसून देठं खुडते, माळवदावर वाळवते, थोडं तेल लावून आणते. तिला तिखट हवं ते तिच्याच मिरचीचं. म्हणून जुनी रीत अशी, की आपली मिरची कुटून होईपर्यंत मशीनजवळून हलायचं नाही. लेकरू रडो, जीप निघून जावो, नजर उखळावर. आमच्याकडंही सुरुवातीला बायका अशाच बसायच्या. मग हळूहळू एकेक जण म्हणायला लागली, "तुमी कुटून ठिवा, मी बाजार करून येते." डबा ठेवायची आणि जायची. माझ्या शेडमध्ये मालकिणींशिवाय डब्यांची रांग लागायला लागली. मला कुणी शाल-श्रीफळ दिलं नाही आणि देऊही नये, पण ती रांग बघितली की माझी मान ताठ व्हायची.

ती रांग सहज लागलेली नव्हती, हे सांगायला पाहिजे. आमची गल्ली गावाच्या खालच्या अंगाला, विहाराच्या मागं. मशीन टाकायचं ठरलं तेव्हा सासऱ्यांनी एकच विचारलं होतं, "आपल्या मशीनवर समदं गाव येईल का?" तिखटाला जात नसते, असं भाषणात म्हणायला सोपं आहे. प्रत्यक्षात वरच्या आळीतल्या कुणाला तरी पहिल्यांदा येऊन डबा ठेवावा लागतो. पहिल्या हंगामात आमचीच गल्ली आली, दुसऱ्या हंगामात वरच्या आळीतली एक म्हातारी आली आणि बसायला स्टूल मागून घेतलं. ती बसली म्हणून बाकीच्या बसल्या. तर माझ्याकडं जे होतं ते एवढंच. पाठ करून उभं राहिलं तरी चालेल, एवढा गावाचा माझ्यावर आणि माझा गावावर भरवसा.

तोच एका दुपारी गेला.

हंगाम ऐन भरात होता. एका बाईचं तिखट मी डब्यात भरत होते तर तिनं डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "मी धरते, तुमी वता." मला वाटलं, मदत करून राहिली. पुढच्या बाईनंही तेच केलं. तिसरीनं घरून तराजू आणला होता. मी काही बोलणार तोच आमचे हे शेताकडून आले. एरवी ते शेडमध्ये पाऊल टाकत नाहीत, त्यांना मिरची सोसत नाही. आले, मशीनचं बटण त्यांनीच बंद केलं आणि मोबाइल माझ्यापुढं धरला.

गावाच्या नावानं चालणारं एक पेज होतं. कोण चालवतं ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणाच्या म्हशीनं कुणाचं पीक खाल्लं, ग्रामसभेत कोण झोपलं, असलं काहीबाही त्यावर यायचं आणि खरं सांगायचं तर मीही ते वाचून हसत होते. त्या दिवशी त्यावर मी होते. पाठमोरी, हिरव्या लुगड्यात, वाकून एका डब्यात तिखट भरताना. फोटो जवळून घेतलेला. डब्याचं पोट तेवढं दिसत होतं, झाकण नाही, कडी नाही. पोटावर कोरलेलं नाव मात्र स्वच्छ दिसत होतं आणि त्याभोवती लाल गोल काढला होता. नाव आमच्या ह्यांचं होतं. खाली लिहिलं होतं: "मिरची तुमची, डबा तिचा. नाव नीट वाचा. वर्षानुवर्षं गावाला कशी लुटते बघा."

खाली लोकांच्या बोलण्याचा ढीग पडला होता. आगीशिवाय धूर निघत नाही, असं एकानं लिहिलं होतं. "तरीच म्हणलं आमचं तिखट कमी काहून भरते." एकीनं, नाव-गाव असलेल्या एकीनं, फक्त हसणारी तोंडं टाकली होती. आणि एका बिननावाच्या माणसानं लिहिलं होतं, "असल्यांच्या मशीनवर गेल्यावर दुसरं काय व्हणार." असल्यांच्या. तो शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. चोर म्हटल्याचा राग आला होता, पण तो शब्द रागाच्या पलीकडचा होता. सासऱ्यांचा जुना प्रश्न कुणीतरी मोबाइलमधून परत विचारत होतं.

आम्ही सकाळी पंचशील म्हणणारी माणसं. न दिलेलं घेणार नाही, हे दुसरं शील. खोटं बोलणार नाही, हे चौथं. आरोप माझ्यावर दुसऱ्या शीलाचा आणि चौथं मोडलं ते कुणी, ते कळायला मार्ग नाही. मला इतका संताप आला होता की मी मशीन पुन्हा चालू केलं आणि उरलेली मिरची कुटून टाकली. त्या दिवशीचं तिखट फार बारीक झालं असणार.

खरी तकलीफ नंतर सुरू झाली. बायका यायच्या थांबल्या असं नाही, पण डबे ठेवून जायच्या थांबल्या. रांगेत डब्याशेजारी मालकीण, आणि मालकिणीची नजर माझ्या हातावर. काही जणी मिरचीचं पोतं घेऊन माझ्या डोळ्यांदेखत जीपमध्ये बसायच्या आणि सेनगावला जायच्या. ते मी सोसलं असतं. जे सोसेना ते वेगळंच होतं. फोटो माझ्या पाठीमागून काढलेला होता. म्हणजे काढणारं माणूस माझ्या रांगेत बसलेलं होतं. माझा चहा पिऊन बसलेलं असेल. मग मी रांगेतली एकेक बाई आठवायला लागले. हिनं काढला असेल का? ही मागच्या वर्षी तिखट जाड झालं म्हणून कुरकुरली होती. ती? तिच्या भावाला स्वतःचं कांडप टाकायचं होतं. पहिल्यांदा स्टूल मागून बसली होती त्या म्हातारीचा नातू मोबाइलवर सारखा असतो, तो? साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ना, ते मी रोज मनातल्या मनात करत होते. तोंडानं म्हणायची, "या बाई, बसा," आणि मनात म्हणायची, तूच असशील.

शेवटी मी घरातला आरसा आणला. ह्यांचा दाढी करायचा, भिंतीवरचा. तो शेडमध्ये मशीनच्या वर खिळ्याला टांगला, म्हणजे मिरची खालीवर करताना पाठीमागचं दिसावं. एका बाईनं विचारलं, "हे काहून लावलं?" मी म्हटलं, "टिकली बराबर लागली का ते बघायला." ती हसली नाही. तिला कळलं होतं. आरशात मला सगळ्यांचे चेहरे दिसत आणि सगळे सारखेच दिसत. नाकापासून खाली पदर, वर डोळे.

ह्यांना घेऊन मी हिंगोलीला गेले आणि पोलिसांत तक्रार दिली. तिथं एक बाई अधिकारी होत्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पोस्टचे फोटो काढून ठेवा, काही पुसू नका, अकाउंट कुणाचं ते कंपनीकडून मागवू पण उत्तर यायला वेळ लागतो, असं समजावून सांगितलं. मग पेन उघडून विचारलं, "तुमचा संशय कुणावर?"

मी म्हटलं, "सगळ्यांवर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "सगळ्यांवर असं लिहिता येत नाही, ताई."

परतीच्या जीपमध्ये मी तोंड फिरवून बसले. आपल्याच गावातल्या चार बाया त्या जीपमध्ये होत्या आणि एकीशीही मला बोलावंसं वाटलं नाही. मी रडले. मिरचीवाली बाई रडली तर कुणी विचारत नाही, एवढी एक सोय आहे.

त्यानंतर एका सकाळी चहा पिता पिता ह्यांनी मोबाइलवर तो फोटो पुन्हा उघडला. मी म्हटलं, "काहून जखम खाजवून राहिले? ठिवा ना." ते बोटांनी फोटो मोठा करून बघत होते. आमचे हे बोलायला कमी आणि बोलले तरी सावकाश. म्हणाले, "हा डबा आपला न्हाई."

"नाव वाचता येतं ना?" मी म्हटलं.

"तेच म्हणून राहिलो. आपल्या नावाचं भांडं आपल्या घरात कसं असंल? आपल्या नावाची भांडी समदी लोकाच्या घरात."

मी हातातली बशी खाली ठेवली.

उठून फळीवरची भांडी बघितली. तांब्यावर माझ्या थोरल्या भावाचं नाव. परातीवर नणंदेच्या सासऱ्यांचं. चहाच्या किटलीवर ह्यांच्या मित्राचं नाव. तो मित्र तर पुण्याला जाऊन बसला आणि किटली आमच्याकडं म्हातारी झाली. आख्ख्या घरात आमच्या नावाचा एक चमचा नव्हता. असणार कसा? लग्नात, वास्तूला, बारशाला भांडं द्यायचं आणि त्यावर देणाऱ्याचं नाव घालायचं, ही रीत आपल्यात लेकरालाही माहीत. नाव देणाऱ्याचं, भांडं घेणाऱ्याचं. गावातल्या इतक्या लोकांनी तो लाल गोल बघितला, इतक्यांनी आपापल्या स्वयंपाकघरात बसून बघितला, आणि एकालाही मान वर करून स्वतःच्या फळीकडं बघायचं सुचलं नाही. मलाही नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. कळसा तोच आणि वळसा हिंगोलीपर्यंत.

"पण कुणाला दिलेला?" मी विचारलं. "आपण गावभर भांडी दिलीत."

त्यांनी बोटानं नावाच्या शेवटी दाखवलं. मला तिथं ओरखडा वाटला होता. ते पिंपळाचं पान होतं. "हे एकदाच काढून घेतलं व्हतं. बाळापूरच्या बाजारात. तुमच्या त्या पोरीच्या लग्नाला."

तुमची ती पोरगी म्हणजे माझ्या माहेरची, आखाडा बाळापूरची. लहानपणीच तिची आई गेली, आणि माझं माहेर तिच्या शेजारचं. ती मला आत्या म्हणते. तिची सोयरीक आमच्या गल्लीतल्या मुलाशी मीच जमवली. लग्नात आईच्या जागी मीच उभी राहिले आणि म्हणूनच आम्ही एरवीसारखा तांब्या न देता मोठा कडीचा डबा दिला होता. तिचा नवरा फाट्यावरच मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. नात्यानं माझा जावई. जावई मीच शोधून आणलेला.

मला पटेना. दुपारी मी मशीन बंद करून तिच्या घरी गेले. ती भाकरी करत होती. मी म्हटलं, "पोरी, चिमूटभर तिखट दे गं. घरातलं संपलं."

ती खळखळून हसली. "आत्या, तुमीच तिखट मागून राहिल्या? आता हळदीवाला माझ्याकडं हळद मागायला यायचा राहिला." पिठाचे हात पुसून तिनं फळीवरून डबा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. मी तो फिरवला. ह्यांचं नाव, पिंपळाचं पान, आणि खाली बारीक अक्षरात, फोटोत माझ्या बोटांखाली झाकून गेलेलं, "यांजकडून सप्रेम भेट".

मी मोबाइल काढून डब्याशेजारी ठेवला. तिनं एकदा फोटो बघितला, एकदा डबा बघितला. पोस्ट तिला माहीत होती, गावातल्या सगळ्यांना होती, पण फोटो तिनं नीट बघितला नव्हता. मला वाईट वाटेल म्हणून बघितलाच नव्हता, असं ती नंतर म्हणाली. आता मात्र तिचा चेहरा उतरला. "आत्या, हे तर मी मिरची घेऊन आले व्हते तवाचं. ह्यांनीच गाडीवर आणून सोडलं मला."

तेवढ्यात जावई जेवायला आला. मला बघून दारातच म्हणाला, "या आत्याबाई," आणि मग त्याला ताटाच्या जागी डबा आणि मोबाइल दिसला.

आमच्यात जावयाला अरे-तुरे करत नाहीत. चोरी पकडली तरी करत नाहीत. म्हणून मी आदरानंच विचारलं, "जावईबापू, हा डबा कुणाचा?"

"आमचा," तो म्हणाला.

"आन् ह्या फोटोतला?"

चपला काढता काढता तो म्हणाला, "फेक अकाउंट हाय ते. कुणाचं बी असंल."

बोलली ती त्याची बायको. "फोटो तुमी काढला व्हता. मी तवा म्हणले बी, काहून काढून राहिले, तर म्हणले असंच." आणि मग तिनं डबा उचलून त्याच्या तोंडापुढं धरला. "रोज ह्यातलं तिखट खाता. ह्यातलं! आपल्या घरातला डबा वळखू येत न्हाई तुमाला?"

तिथं त्याचं सगळं उघडं पडलं. त्याला खरोखरच ओळखू आला नव्हता. दुकानात बसून फोटो चाळताना त्याला नाव दिसलं, आमच्या ह्यांचं, आणि त्याला वाटलं, सापडली! लग्न झाल्यापासून तो डबा त्याच्या डोक्यावरच्या फळीवर होता. पण फळीकडं बघायचं काम त्याचं नव्हतं, ते बायकोचं. मला हसू यायला लागलं. इतके दिवस मी कुणीतरी पाताळयंत्री, माझ्या वाईटावर टपलेला वैरी मनात उभा केला होता, आणि निघाला हा. भाकरीला तिखट लावून खाणारा, आणि ते कशातलं आहे हे माहीत नसणारा.

"माझ्यावर राग कशाचा व्हता?" मी विचारलं.

"राग न्हाई हो आत्याबाई, आईशप्पत." त्याचा आवाज रडवेला झाला होता. "पेजवर कुणी येईना. म्हशीच्या पोस्टला चार लाईक. मिरचीच्या पोस्टला लई लोक आले. मंग वाढत गेलं."

राग नाही. मला वाटलं होतं, राग नव्हता हे ऐकून बरं वाटेल. उलट कानशिलं तापली. वैऱ्यानं केलं असतं तर निदान वैर तरी माझ्या वाट्याचं असतं. इथं माझी सगळी अब्रू ह्याला चार टाळ्यांसाठी लागली होती. "तुमाला लोक आले," मी म्हटलं. "माझे गेले. आन् खाली ते 'असल्यांच्या' लिव्हलं ते वाचलं का? तुमी बी असल्यातलेच हाव, जावईबापू." त्यानं मान खाली घातली. ते वाचून त्यालाही झोंबलं होतं, पण आपलं तोंड झाकलेलं असल्यामुळं त्याला उत्तर देता आलं नव्हतं. ही एक गंमत बघा.

तो घाईघाईनं मोबाइल काढायला लागला. "पुसून टाकतो. आत्ताच्या आत्ता पुसून टाकतो."

"पुसायचं न्हाई," मी म्हटलं.

त्याला कळेना. त्याच्या बायकोलाही. पण मला त्या घडीला अगदी स्वच्छ दिसत होतं. पुसलं की ते कुणीच केलं नाही असं होणार. मी चोर ते चोरच राहणार, फक्त पुरावा गेलेली चोर. आणि रांगेतल्या सगळ्या बाया माझ्या आरशात तशाच राहणार. मी म्हटलं, "जिथं लिव्हलं तिथंच, आपल्या तोंडानं, आपल्या नावानं सांगायचं. माझ्या मशीनपाशी हुभं राहून. हा डबा हातात घिऊन. आन् पेजवर आजपासून तुमचं नाव टाकायचं. मंग गावाला काय बोलायचं ते बोला. आमी काय तोंड शिवायला आलो न्हाई."

"लोक काय म्हणतील?" तो म्हणाला.

त्याची बायको म्हणाली, "आत्यांना म्हणले तेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. उखळात मिरची पडलेली होती, बायका बसलेल्या होत्या, त्याच्या बायकोनं मोबाइल धरला होता. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, डबा दाखवला, खालची ओळ वाचली, हा डबा आमच्या लग्नातला आहे, यातलं तिखट आमचंच आहे, आत्याबाईंनी कुणाची चिमूटभर मिरची घेतलेली नाही, मी खोटं लिहिलं, असं बोलला. मशीन चालूच होतं, बोलता बोलता तिखट त्याच्या नाकात गेलं. शिंका सुरू झाल्या, डोळ्यांतून धारा लागल्या. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं, "पश्चात्तापानं रडला बिचारा." पश्चात्ताप थोडा असेलही. पण लवंगी मिरची होती, हे मला माहीत आहे.

त्याला घेऊन आम्ही हिंगोलीलाही गेलो. त्याला यायचं नव्हतं, पण तक्रार हवेत सोडून द्यायची मला इच्छा नव्हती. बाई अधिकाऱ्यांनी त्याचा जबाब घेतला, पुन्हा असं झालं तर काय होईल ते त्याला नीट सांगितलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मग, ताई, आता संशय कुणावर?"

मी म्हटलं, "आता लिहिता येईल. एकच नाव आहे."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. कसं सांगू? एक नाव सापडलं म्हणजे एक माणूस पकडलं गेलं, असं लोकांना वाटतं. मला वाटलं, सगळं गाव सुटलं. कुरकुर करणारी बाई सुटली. कांडप टाकू बघणारा भाऊ सुटला. स्टूलवाल्या म्हातारीचा नातू, हसणारी तोंडं टाकणारी, तराजू आणणारी, सगळ्या एकदम सुटल्या. कुणीतरी तोंड झाकून बोललं की ज्याच्यावर बोललं तोच एकटा डागाळतो असं नाही. जो जो बोलला असेल असं वाटतं, ते सगळेच डागाळतात, आणि त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. "असल्यांच्या" लिहिणारा मात्र अजून बिननावाचाच आहे. तो सापडला नाही. त्याचं नाव मी आजही शोधत असते, पण त्याच्यासाठी रांगेकडं बघत नाही.

परतीच्या जीपमध्ये पुन्हा गावच्याच बाया होत्या. मी मध्ये बसले आणि फाटा येईपर्यंत तोंड मिटलं नाही. जावई पुढं ड्रायव्हरशेजारी मुकाट बसला होता. एकीनं मला हळूच विचारलं, "सांडग्या मिरचीचा मसाला कवा कुटायचा हो तुमच्याकडून?" मी म्हटलं, "डबा ठिवून जा कवा बी."

डबे लगेच परत आले नाहीत. बायका सावकाश विसरतात, आणि त्यांनी सावकाश विसरावं हेच बरं. पण एका बाजाराच्या दिवशी ती म्हातारी आली, डबा ठेवला, स्टूलवर बसली नाही, म्हणाली, "मी भाजी घिऊन येते." आणि गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही तिनं. तिच्या मागच्या बाईनं डबा ठेवला. मग तिच्या मागच्या. मी मशीनकडं तोंड केलं आणि आरशात बघितलं. रांगेत कुणीच नव्हतं, नुसते डबे होते. प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव, आणि त्यातलं एकही मालकिणीचं नाही.

मी मशीन थांबवलं, आरसा खिळ्यावरून काढला. त्यावर तिखटाचा इतका थर बसला होता की त्यातून तसंही फारसं काही दिसत नव्हतं. पदरानं पुसून तो घरी नेला. ह्यांनी दुसऱ्या दिवशी त्यात बघून दाढी केली आणि दिवसभर गालांची आग झाली म्हणून मला बोलत राहिले.

मी शेडमध्ये होते. गावाकडं पाठ करून.